वर्गणी आणि वार : यकृतविकारग्रस्त बालकांसाठी समाजकार्याचा एक विचार

आमच्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळ मंडळी वार लावून जेवून शिकली. खेड्यातून इंदूरला शिकावयास आलेल्या गरीब विद्यार्थ्याला सात घरे ठरवून दिलेली असत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे, आणि मुलालाही रोज नव्याने हात पसरावा लागत नसे. त्या गृहिणींनी कधी पावती फाडली नाही की सत्कार स्वीकारला नाही. परंतु त्या ताटांवर एक अख्खी पिढी शिक्षक, वकील आणि डॉक्टर झाली. ज्या नगरीने अहिल्याबाईंची अन्नछत्रे आणि धर्मशाळा यांचा वारसा सांगावा, तिला हे शोभणारेच होते.

पुढे दिवस पालटले. वार गेले, वर्गणी आली. आपला मराठी समाज वर्गणी जमविण्यात तरबेज आहे. गणेशोत्सव असो, नाट्यप्रयोग असो की संगीतसभा, रामबागेपासून लोकमान्यनगरपर्यंत पावतीपुस्तके फिरतात आणि रक्कम उभी राहते. ही स्मरणिका जी आपल्या हाती आहे, तीसुद्धा मागील पानांवरील जाहिरातींच्या बळावरच छापली गेली आहे. वर्गणीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु काही आजार असे असतात की त्यांना वर्गणी पुरत नाही. त्यांना वार लागतो. बालकांचा यकृतविकार हा त्यांपैकी एक. हे मी ग्रंथांतून नव्हे, एका बालकाच्या निमित्ताने शिकलो.

एक हकीकत

गोष्ट २००६ सालची आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वडील एका खासगी पेढीत हिशेबनीस, आई घरी शिकवण्या घेणारी. त्यांच्या दहा महिन्यांच्या मुलाचे यकृत पूर्णपणे निकामी झाले होते. प्रत्यारोपण हाच एक उपाय उरला होता, तोही दिल्लीत. आईने स्वतःच्या यकृताचा भाग देण्याचे ठरविले. प्रश्न पैशांचा होता.

गणेशोत्सवाचे दिवस होते. कार्यकर्ते पुढे सरसावले. एका नाट्यसंस्थेने विनामूल्य प्रयोग केला, शाळेतील मुलांनी खाऊचे पैसे आणून दिले, एका आजीबाईंनी पाटल्या मोडल्या. पाच आठवड्यांत शस्त्रक्रियेपुरते पैसे जमले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मुलगा गुटगुटीत होऊन परतला, तेव्हा त्याचा आणि त्याच्या आईचा भर सभेत सत्कार झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

पाच वर्षांनंतर, २०११ च्या पावसाळ्यात, तो मुलगा गेला. मध्यंतरी वडिलांची नोकरी सुटली होती. रोज दोन वेळा द्यावयाची प्रत्यारोपणानंतरची गोळी प्रथम एक वेळ, मग एक दिवसाआड दिली जाऊ लागली. रक्ताची तपासणी लांबत गेली. शरीराने ते यकृत नाकारले, आणि लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. मी वडिलांना विचारले, ‘‘अहो, आम्हाला एक शब्द तरी बोलायचा होता.’’ ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, एकदा सगळ्यांनी एवढं केलं. पुन्हा कोणत्या तोंडानं मागू?’’

आम्ही शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये जमविले. गोळीसाठी काहीच ठेवले नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, मागावे न लागता मिळेल अशी कोणतीच व्यवस्था ठेवली नाही.

आजाराचे स्वरूप

आपल्या वाचकांत वैद्यकीय व्यवसायाबाहेरील मंडळीही आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. यकृत पित्त तयार करते. ते पित्त बारीक नलिकांतून आतड्यात उतरते आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करते. मलाला जो पिवळा वा तपकिरी रंग असतो तो या पित्तामुळेच. काही बालकांत जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच यकृताबाहेरील पित्तनलिका आक्रसून बंद होतात. या विकारास ‘बायलरी एट्रेझिया’ म्हणतात. तुंबलेले पित्त यकृताचीच हानी करू लागते, आणि काही महिन्यांत यकृत कठीण, गाठाळ होते. उपचार न झाल्यास बहुतेक बालके दुसरा वा तिसरा वाढदिवस पाहत नाहीत.

विकार विरळा आहे. पाश्चात्य देशांत साधारणतः पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक बालक, तर तैवानसारख्या पौर्वात्य देशांत त्याहून बरेच अधिक, असे प्रमाण आढळते. विरळा असूनही जगभर लहान मुलांत करावयाच्या यकृतप्रत्यारोपणाचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. बालकांचे यकृत बिघडविणारे इतरही विकार आहेत: गॅलॅक्टोसेमियासारखे चयापचयाचे दोष, विल्सनचा आजार, काही विषाणूजन्य दाह. परंतु समाजाच्या मदतीची दिशा समजून घेण्यास बायलरी एट्रेझियाचे उदाहरण पुरेसे आहे.

जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली या विकारावरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. बंद पडलेल्या नलिका काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडावयाचा आणि पित्ताला नवी वाट करून द्यावयाची, हे तिचे तत्त्व. (मराठी पालकांपुढे ‘कासाई ऑपरेशन’ असे तुटक नाव उच्चारले की त्यांच्या अंगावर काटा येतो. म्हणून मी नेहमी ‘डॉक्टर कासाई नावाच्या जपानी सर्जनची शस्त्रक्रिया’ असे पूर्ण सांगतो. तरुण सहकाऱ्यांनीही तसेच करावे.) ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यास प्रत्यारोपण कित्येक वर्षे लांबते, काहींच्या बाबतीत टळतेही. परंतु तिची एक अट आहे. ती लवकर व्हावी लागते, शक्यतो बालक साठ दिवसांचे होण्यापूर्वी. जसजसे दिवस जातात तसतशी यशाची शक्यता घटत जाते.

पहिले साठ दिवस

आता एक कबुली द्यावयाची आहे. वर ज्या बालकाची हकीकत सांगितली, ते वयाच्या सव्विसाव्या दिवशी माझ्याच दवाखान्यात आले होते. डोळ्यांत पिवळसर झाक होती, पण वजन वाढत होते, दूध ओढत होते. आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, याची शी जरा पांढुरकी होते.’’ बाहेर बाकावर पंचवीस रुग्ण होते. मी लंगोट उघडून पाहिला नाही. ‘‘आईच्या दुधाने होते कधीकधी, सकाळचे कोवळे ऊन दाखवा,’’ असे सांगून मी त्यांना पाठविले. ती माउली विश्वासाने परत गेली. पुन्हा आली तेव्हा बालक चौऱ्याऐंशी दिवसांचे होते, आणि यकृत हाताला दगडासारखे लागत होते. कासाई शस्त्रक्रिया झाली, पण तिचा उपयोग झाला नाही. पुढची सगळी वर्गणी, आजीबाईंच्या पाटल्या, आईच्या पोटावरील तो लांब व्रण, यांचा उगम त्या एका मिनिटात होता. लवकर शस्त्रक्रिया झाली असती तर यश आलेच असते असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु ती संधी त्या बालकाला मिळाली नाही, हे खरे.

म्हणून माझे म्हणणे असे की यकृतविकारग्रस्त बालकांसाठी जो कोणी निधी उभारील, त्याने पहिला रुपया शस्त्रक्रियेवर नव्हे, जाणिवेवर खर्च करावा. याचा पुरावा तैवानने दिला आहे. तेथे बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत मलाच्या रंगांचे छापील चित्रपत्र घालण्यास २००२ साली काही भागांत आणि २००४ पासून देशभर सुरुवात झाली. वरच्या ओळीत फिकट, रोगसूचक रंग आणि खालच्या ओळीत निरोगी रंग. आईने जुळवून पाहावे आणि शंका आल्यास कळवावे. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण या उपक्रमानंतर सुमारे ४९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले, आणि पाच वर्षे जगणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर पोहोचले. यात प्रत्यारोपणासारख्या इतर सुधारणांचाही वाटा असणारच. तरी एका रंगीत कागदाच्या तुकड्याने केलेले हे काम थोडे नव्हे. ब्रिटनमध्येही १९८० साली स्थापन झालेल्या ‘चिल्ड्रन्स लिव्हर डिसीज फाउंडेशन’ या धर्मादाय संस्थेने रुग्णकुटुंबांना आधार देण्याबरोबरच ‘यलो अलर्ट’ ही नवजात काविळीविषयीची मोहीम चालविली, ती याच विचाराने.

सर्वांनी ध्यानात ठेवावे असे नियम फार थोडे आहेत. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकाची कावीळ चौदा दिवसांनंतरही दिसत असेल, तर रक्तातील एकूण आणि डायरेक्ट अशी दोन्ही बिलिरुबिन तपासावीत. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर उन्हात ठेवून वाट पाहू नये. बालकाला तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवावे. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असावयास हवी. लंगोटावर पिवळा डाग पडत असेल तर ते धोक्याचे चिन्ह आहे. मल पिवळा, मोहरीच्या रंगाचा किंवा हिरवा असेल तर चिंता नाही. परंतु तो शाडूच्या मातीसारखा, भिजलेल्या खडूसारखा किंवा फिकट दुधी असेल, तर ते निदान होईपर्यंत गंभीरच मानावे. आणि डॉक्टरबंधूंना आणखी एक सूचना: सहाव्या आठवड्याच्या लसीसाठी जवळजवळ प्रत्येक बालक आपल्याकडे येते. तो दिवस बेचाळिसावा असतो. साठाव्या दिवसाला अठरा दिवस शिल्लक असतात. सुई टोचण्यापूर्वी ‘‘शीचा रंग कोणता?’’ हा एक प्रश्न विचारावयाचा, आणि शंका असल्यास लंगोट स्वतः उघडून पाहावयाचा. २००६ पासून मी हा नियम एकदाही मोडलेला नाही.

शस्त्रक्रियेचे दिवस

इतके करूनही काही बालकांना प्रत्यारोपण लागणारच. जगातील पहिला यकृतप्रत्यारोपणाचा प्रयत्न डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत केला, तो बायलरी एट्रेझिया झालेल्या तीन वर्षांच्या मुलावरच. ते मूल वाचले नाही. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृतप्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. वीस महिन्यांच्या त्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला होता, त्यालाही बायलरी एट्रेझियाच होता, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. ज्यांना आशेची गरज आहे त्यांना ही हकीकत जरूर सांगावी.

लहान बालकाला प्रौढाच्या यकृताचा डावीकडील छोटा भाग, सुमारे पाचवा हिस्सा, पुरतो. दात्याचे यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. आपल्या देशात मरणोत्तर अवयवदानाचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे; त्यामुळे बहुधा आई किंवा वडीलच दाते होतात. याचा अर्थ काय, हे वर्गणी गोळा करणाऱ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. एकाच घरातील दोन माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतात. आई एका विभागात, बाळ दुसऱ्या विभागात, आणि वडील मधल्या जिन्यात. घरी थोरले भावंड शाळेत जाणारे, आजी गुडघ्यांनी अधू. परक्या शहरात रुग्णालयाजवळ दोन-तीन महिने राहावे लागते. वडिलांची रजा संपते, पगार थांबतो. शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक साधारणतः पंधरा ते पंचवीस लाखांचे असते, पण त्यात खोलीचे भाडे, जेवण, रिक्षा आणि बुडालेला पगार धरलेला नसतो.

येथे स्वयंसेवकांची खरी परीक्षा असते. रक्त आणि रक्तघटक देणारे दाते तयार ठेवणे. त्या शहरातील मराठी मंडळाशी संपर्क साधून डब्याचे वार लावणे. घरी राहिलेल्या भावंडाला शाळेत सोडणे-आणणे. शासकीय योजना, प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री मदत निधी यांचे अर्ज भरून त्यांचा पाठपुरावा करणे. एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने हे कागदी काम अंगावर घेतले, तर त्याचे मोल लाखाच्या देणगीपेक्षा कमी नाही. इंदुरात २०१५ पासून अवयवांसाठी हरित मार्गिका झाल्या आहेत. शोकाकुल कुटुंबाशी अवयवदानाविषयी हळुवारपणे बोलू शकणारे प्रशिक्षित कार्यकर्ते आपल्या समाजातूनही पुढे यावयास हवेत.

निधी जमविताना पथ्येही पाळावी लागतात. पहिले पथ्य दात्याविषयी आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. डावा लहान भाग देणाऱ्याच्या जिवाला असणारा धोका फार थोडा, हजारात एकाच्या आसपास मानला जातो. तरी तो शून्य नाही. आईची तपासणी पूर्ण होऊन तिने एकान्तात, मोकळेपणाने संमती देण्यापूर्वीच आपण घरोघर पावत्या फाडल्या, तर तिला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच उरत नाही. ‘‘सगळ्या गावाने पैसे दिले आणि तू मागे सरतेस?’’ हे वाक्य कोणी उघड बोलो वा न बोलो, तिला ऐकू येतेच. त्यामुळे पूर्वतयारी अवश्य करावी, पण जाहीर आवाहन तिच्या निर्णयानंतर. कायदाही येथे स्पष्ट आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आणि त्याची २०११ ची दुरुस्ती यांनुसार आई-वडील, भावंडे, अपत्ये, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक. इतरांना प्राधिकार समितीची मंजुरी लागते. अवयवाच्या मोबदल्यात पैसे देणे वा घेणे यास पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. ‘पैसे देऊन दाता मिळवून देतो’ असे म्हणणारा भेटल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे.

दुसरे पथ्य हिशेबाचे. रक्कम कोणाच्याही वैयक्तिक खात्यात न घेता नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घ्यावी, ती दोघांच्या सह्यांनी निघावी आणि शक्यतो थेट रुग्णालयास जावी. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर दात्याला आयकर सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेमार्फत देण्याचा आग्रह धरावा. आपली पुष्कळ मुले-नातवंडे परदेशी आहेत. त्यांच्यापैकी जे अद्याप भारतीय नागरिक आहेत ते आपल्या बँकेतून देणगी देऊ शकतात; परंतु ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी २०१० च्या कायद्यानुसार ‘विदेशी योगदान’ ठरते, आणि आवश्यक ती परवानगी असल्यावाचून संस्थेने ती घेऊ नये. रक्कम उरल्यास काय करावयाचे, हे आवाहनातच लिहावे: ‘या बालकासाठी, आणि शिल्लक राहिल्यास अशाच अन्य बालकांसाठी’. बालक दुर्दैवाने गेले, तर शोकात बुडालेल्या आई-वडिलांना हिशेब विचारण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

तिसरे पथ्य प्रतिष्ठेचे. बालकाचे छायाचित्र आई-वडिलांच्या संमतीवाचून छापू नये. नळ्या लावलेल्या, पोट फुगलेल्या मुलाचे चित्र पाहून पैसे लवकर जमतात हे खरे. पण ते मूल उद्या शाळेत जाणार आहे. आणि ज्याचा चेहरा गोड त्याला जास्त, ज्याच्या वडिलांची ओळख मोठी त्याला आधी, असे होऊ नये म्हणून निवड डॉक्टरांच्या छोट्या समितीने लिखित निकषांवर करावी.

गोळीची वर्षे

प्रत्यारोपण म्हणजे आजाराचा शेवट नव्हे; तो एका वेगळ्या, आटोक्यात ठेवता येणाऱ्या स्थितीचा प्रारंभ आहे. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे सामान्यतः जन्मभर घ्यावी लागतात. रक्तातील त्यांची पातळी सुरुवातीला वारंवार आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने तपासावी लागते. महिन्याचा हा खर्च काही हजारांचा. एकदा द्यावयाचा म्हटला तर कोणालाही जड नाही, पण दर महिन्याला, वर्षानुवर्षे द्यावयाचा म्हटला तर मध्यमवर्गीय घरालाही जड.

या वर्षांत आपल्या डॉक्टरमंडळींना देता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते पैशांत मोजता येणारे नाही. प्रत्यारोपण दूरच्या शहरात होते, पण ताप इंदुरात येतो. रात्री अकरा वाजता त्या मुलाला कोण पाहणार? साध्या खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन दिले किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल दिले, तर टॅक्रोलिमसची पातळी धोकादायकरीत्या वाढते. रिफॅम्पिसिन किंवा फेनिटॉइन दिले तर ती घसरते आणि यकृत नाकारले जाण्याची भीती निर्माण होते. घरगुती काढे आणि अज्ञात घटकांची चूर्णेही वर्ज्य समजावीत. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी शक्यतो प्रत्यारोपणापूर्वी, पुरेसे अंतर ठेवून पूर्ण कराव्यात, कारण नंतर त्या सामान्यतः देता येत नाहीत. या गोष्टी जाणणारा एक तरी डॉक्टर त्या कुटुंबाच्या हाकेच्या अंतरावर असला पाहिजे.

प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या बालकांसाठी आहाराचा प्रश्नही तितकाच निकडीचा असतो. पित्ताअभावी स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. के जीवनसत्त्वाच्या अभावी तर मेंदूत रक्तस्राव होऊन बालक दगावू शकते. अशा बालकाला निरोगी बालकापेक्षा सुमारे दीडपट उष्मांक लागतात, आणि पित्तावाचून शोषली जाणारी, मध्यम साखळीची स्निग्धाम्ले असलेले विशेष दूध महाग असते. वजन भरले नाही तर शस्त्रक्रियेचा धोका वाढतो. म्हणून एका बालकाचे सहा महिन्यांचे दूध पुरविणे ही देणगी दिसावयास लहान असली तरी परिणामाने मोठी आहे.

मंडळापुढे प्रस्ताव

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यकृतविकारग्रस्त बालकाचा आजार आधी दिवसांत आणि नंतर वर्षांत मोजला जातो. आपली मदत मात्र एका संध्याकाळच्या कार्यक्रमात मोजली जाते. हे माप बदलावयास हवे. त्यासाठी मंडळाच्या येत्या सभेपुढे तीन सूचना ठेवीत आहे.

एक : मलाच्या रंगांचे पत्र मराठीत आणि हिंदीत छापून शहरातील प्रसूतिगृहांना, अंगणवाड्यांना आणि आशा कार्यकर्त्यांना द्यावे. रंग अचूक छापले जाणे अत्यावश्यक आहे, म्हणून मुद्रकाबरोबर तज्ज्ञाने बसावे. एका नाट्यप्रयोगाच्या उत्पन्नात हे काम होण्यासारखे आहे.

दोन : ‘एक डॉक्टर, एक मूल’. प्रत्यारोपण झालेल्या किंवा त्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक बालकामागे आपल्यापैकी एकाने नाव लावावे. दूरध्वनी रात्रीही उचलावा, तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि ती चुकल्यास आपणहून विचारावे.

तीन : औषधांसाठी वार. तीस घरांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर पंधरा हजार होतात. सभासदत्व किमान पाच वर्षांचे असावे, रक्कम बँकेतून परस्पर वळती व्हावी, आणि औषध दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या घरी पोहोचावे. त्या घरातील माणसाला पुन्हा मागण्याची वेळ येऊ नये, एवढाच या योजनेचा हेतू आहे. वाराच्या घरी जेवणाऱ्या मुलाला ‘‘आज वाढा’’ असे म्हणावे लागत नसे. मंगळवार उजाडला की पान मांडलेले असे.

त्या बालकाची आई आजही इंदुरातच शिकवण्या घेते. दोन वर्षांपूर्वी तिने मला निरोप पाठविला की, दुसऱ्या कोणा बालकाच्या घरी जाऊन आईशी बोलावयाचे असेल तर मला सांगत जा. तेव्हापासून ती दोन कुटुंबांकडे नियमाने जाते. गोळीची वेळ चुकू नये म्हणून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर खूण कशी करावी, हे ती जसे समजावून सांगते तसे मला तीस वर्षांच्या व्यवसायानंतरही साधत नाही. तिचा वार गुरुवारचा आहे. बाकीचे सहा वार अजून रिकामे आहेत. ज्यांना त्यांतील एखादा घ्यावयाचा असेल, त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे नाव द्यावे, ही नम्र विनंती.